आधी तू कोण ते सांग

आमच्या शाळेचं जुनं वायफाय अख्ख्या गावाचं होतं. पासवर्ड काय, तर शाळेचं नाव आणि पुढे १२३. फाटकासमोरच्या टपरीवाल्याला तो पाठ, रिक्षा थांब्यावरच्या पोरांना पाठ. बारावी होऊन सुरतच्या कापड बाजारात लागलेली मुलं दिवाळीला भुसावळकडच्या गाडीने गावी आली, की शाळेसमोरून जाताना त्यांचे फोन खिशातल्या खिशात जोडले जायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. नेट हळू चालतं एवढीच तक्रार होती, आणि तिचा दोष सगळे मिळून कंपनीला द्यायचे.

मी गणित शिकवते. तापीच्या अलीकडच्या एका तालुक्याच्या गावात, धुळे जिल्ह्यात. संगणक लॅबची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून वायफायही माझ्याकडे. आमच्याकडे कुलपाची किल्ली ज्याच्या कमरेला, कुलपामागचं सगळं लचांड त्याच्याच गळ्यात, हा अलिखित नियम आहे.

एकच पासवर्ड सगळ्यांचा असला की दोन गोष्टी होतात. शाळा सोडून गेलेला माणूस दाखला घेऊन जातो, पण पासवर्ड परत देऊन जात नाही. आणि दुसरी जरा आतली आहे: अशा नेटवर्कवर ज्याला तो सामाईक पासवर्ड माहीत आहे आणि तुमचा लॅपटॉप जोडला जाताना हवेतून झालेली सुरुवातीची देवाणघेवाण ज्याने टिपली आहे, त्याला तुमच्या लॅपटॉपची वायफायवरची पुढची बोलणीही उलगडता येतात. बँकेच्या किंवा मेलच्या साइटचं स्वतःचं वेगळं कुलूप असतं, ते टिकतं. पण तुम्ही कुठल्या कुठल्या साइटवर गेलात, एवढं त्याला कळतंच.

शेवटी संस्थेने ठरवलं की शाळेचं नेटवर्क ‘सुरक्षित’ करायचं. एक एजन्सी आली. छताला वायफायच्या पांढऱ्या तबकड्या लागल्या, ऑफिसातल्या कपाटाशेजारी एक छोटा सर्व्हर बसला, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं युजरनेम मिळालं: जनरल रजिस्टरमधला त्याचा नंबर. पासवर्ड ज्याचा त्याचा. बिलावर ‘डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ, ८०२.१एक्स’ असं लिहिलं होतं, म्हणजे वायफायचं कुलूप आणि दारातली चौकशी. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या क्लार्कनी, ते अक्षर-अक्षर तपासून डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, उतरवलं.

बिनतारी कुलपांचा इतिहास तसा फजितीचा आहे. पहिलं कुलूप वेप नावाचं, १९९७चं. २००१मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्याच्या गणितातली भेग दाखवून दिली, आणि थोड्याच काळात ते कुणालाही उघडता येऊ लागलं. यातला शमीर म्हणजे आरएसए या संदेश कुलूपबंद करायच्या पद्धतीतला ‘एस’. ज्या माणसाने जगाला उत्तम कुलूप दिलं त्यानेच दुसऱ्याचं वाईट कुलूप उघडून दाखवावं, याचा गणितवालीला आनंद होतो, इलाज नाही. मग घाईघाईने २००३मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४मध्ये डब्ल्यूपीए२, आणि २०१८मध्ये तिसरं. आमचं काम डब्ल्यूपीए२वर चालतं, नीट लावलं तर चांगलं चालतं. ‘नीट लावलं तर’ यातच सगळी मेख.

छताच्या तबकडीला काहीच माहीत नसतं. तिच्याकडे ना पासवर्ड, ना विद्यार्थ्यांची यादी. लॅपटॉप आला की ती त्याला दारातच थांबवते, त्याचा निरोप आत सर्व्हरला पोचवते, सर्व्हरचा निरोप बाहेर आणते, आणि सर्व्हर ‘सोड’ म्हणेपर्यंत एवढंच बोलणं होऊ देते. बाकी एक अक्षर पलीकडे जात नाही. सर्व्हर ज्या भाषेत तबकडीशी बोलतो तिचं नाव रेडियस. ती टेलिफोनवर नंबर फिरवून इंटरनेट लावायच्या काळातली आहे, १९९०च्या दशकातली. माझ्या विद्यार्थ्यांनी तसला फोन पाहिलेलाही नाही.

मला यात आवडतो तो बोलण्याचा क्रम. लॅपटॉप आपला पासवर्ड लगेच सांगत नाही. आधी तो समोरच्याला विचारतो, तू कोण? सर्व्हर आपलं सर्टिफिकेट पुढे करतो. लॅपटॉप ते तपासतो: सही कुणाची, नाव कुठलं, मुदत कधीपासून कधीपर्यंत. पटलं तर दोघांमध्ये एक बंद बोगदा तयार होतो, आणि त्या बोगद्यातून मग लॅपटॉप सांगतो की मी अमुक नंबरचा विद्यार्थी, हा माझा पासवर्ड. शाळेने आधी आपण शाळा असल्याचं सिद्ध करायचं, विद्यार्थ्याने नंतर.

सही कुणाची, हे तपासणं आपल्याकडे प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. दोंडाईच्याच्या एस.टी.त एखादा आबा शेजारी बसला की तिकीट काढायच्या आधी विचारतो, “कोनी पोर शे वं माय तू? कोन गावनी?” तुम्ही वडिलांचं नाव सांगता, त्याला ते माहीत नसतं. आजोबांचं सांगता, तेही नाही. मग आजीचं माहेर, मामाचं गाव, असं करत कुठेतरी एक नाव येतं जे त्याला आधीपासून ठाऊक असतं, आणि आबा सैलावतो, “मंग आसं सांग ना!” पुढचा प्रवास तुम्ही घरच्या. लॅपटॉप हेच करतो. त्याच्या पोटात कंपनीने आधीच शंभरावर जाणत्यांची यादी घालून ठेवलेली असते. समोरच्याच्या सर्टिफिकेटवर सही कुणाची, त्या सही करणाऱ्यावर कुणाची, असं वर वर जात तो त्या यादीतल्या एका नावापाशी पोचला तर विश्वास बसतो. नाही पोचला तर पडद्यावर इशारा येतो.

आमच्या सर्व्हरची सही त्या यादीतल्या कुणाचीच नाही. एजन्सीने शाळेसाठी शाळेचाच एक जाणता तयार केला आणि त्याच्याकडून सही करून घेतली. यात गैर काहीच नाही. आतल्या वापरासाठी ते चांगलंही असतं. फक्त प्रत्येक लॅपटॉपला एकदा सांगावं लागतं की या नव्या जाणत्याला तुझ्या यादीत घे. म्हणजे एक छोटी फाइल बसवायची. काम दोन मिनिटांचं, पण लॅपटॉपगणिक करायचं.

एजन्सीला ती दोन मिनिटं वाचवायची होती. त्यांनी लॅबच्या दारावर, स्टाफरूममध्ये आणि मुतारीकडे जाणाऱ्या व्हरांड्यात एक रंगीत सूचना चिकटवली. नेटवर्क निवडा, युजरनेम टाका, पासवर्ड टाका, आणि पुढे ठळक अक्षरांत: ‘सीए सर्टिफिकेट – डू नॉट व्हॅलिडेट निवडा. इशारा आल्यास दुर्लक्ष करून कनेक्ट दाबा.’ म्हणजे समोरच्याची सही तपासू नका.

लाखभराची यंत्रणा जो एक प्रश्न विचारण्यासाठी बसवली, तो प्रश्नच विचारू नका असं सांगणारा कागद तिच्याच दारावर.

न विचारल्याने काय बिघडतं? समजा, एकाने पिशवीत एक स्वस्त राउटर घेतला, त्याला आमच्याच नेटवर्कचं नाव दिलं आणि तो बसस्टँडच्या बाकावर बसला. मुलांचे लॅपटॉप, शिक्षकांचे फोन नाव ओळखून आपण होऊन त्याला जोडायला जाणार. प्रश्न विचारणारा लॅपटॉप तिथेच थांबेल, कारण त्या राउटरकडे शाळेच्या जाणत्याची सही नाही. न विचारणारा मात्र बोगद्यात शिरेल आणि ओळख देऊन मोकळा होईल. पासवर्ड तिथे सरळ अक्षरांत जात नाही, त्यावर गणित केलेलं उत्तर जातं, हे खरं. पण ते गणित जुनं आहे. २०१२मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं की पासवर्ड कितीही अवघड असो, ते उत्तर एका दिवसाच्या आत उलटं सोडवता येतं. त्या गणिताची सगळी भिस्त बाहेरच्या बोगद्यावर आहे. बोगदाच चोराने खणलेला असेल तर बोलणंच खुंटलं.

अँड्रॉइड बनवणाऱ्यांना हे कळलं असावं. २०२०च्या अखेरीपासून त्यांच्या नव्या आवृत्त्यांमधून ‘डू नॉट व्हॅलिडेट’ ही ओळच हळूहळू काढून टाकली गेली. त्यामुळे नवा फोन घेतलेले आमचे एक सर रागावून माझ्याकडे आले. “मॅडम, सूचनेत आहे ते फोनमध्ये नाहीच! फोन डुप्लिकेट लागला की काय?” फोन अस्सल होता.

आता एका लॅपटॉपबद्दल. अकरावी सायन्समधली एक मुलगी, शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यातून एस.टी.ने येणारी. मामेभाऊ सुरतला उधन्यात राहतो, त्याने जुना लॅपटॉप घेऊन पाठवलेला. एमएचटी-सीईटी संगणकावर द्यावी लागते, आणि घरी माउस हातात धरायलाही मिळत नसेल तर तीन तासांच्या त्या परीक्षेत निम्मा जीव माउसमध्येच जातो. सराव चाचण्यांसाठी तिला शाळेचं नेट हवं होतं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी अशी नव्हतीच, होती ती मेलेली. तार लावली तर चालणार, काढली की डोळे मिटणार.

युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, सिग्नल पूर्ण. पडद्यावर एकच वाक्य: या नेटवर्कशी जोडता येत नाही. का, ते नाही. मायक्रोसॉफ्टला एवढी भाषा येते, पण कारण सांगायची वेळ आली की सरकारी उत्तर. मग लॅबमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने निदान केलं. एक सर म्हणाले, कॅप्स लॉक बघ. दुसरे म्हणाले, नेटवर्क विसरून परत जोड, माझं तसंच होतं. शिपाई आप्पांचं मत पडलं की काळ्या दगडाच्या जुन्या इमारतीत रेंज मरते, नव्या हॉलमध्ये नेऊन बघा. दगडाच्या जाड भिंतीबद्दल आप्पा चूक नाहीत, आणि नव्या हॉलचे पत्रेही रेडिओलहरींशी फार सलोख्याने वागत नाहीत. पण तबकडी आमच्या डोक्यावरच होती. बारावीतल्या एका हुशार मुलाने सुचवलं की लॅपटॉप जुना असल्यामुळे त्याला नवी टीएलएस, म्हणजे तो बंद बोगदा बांधायची पद्धत, येत नसेल. हे निदान मला आवडलं. टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या, आणि एखाद्या सर्व्हरने त्या बंद केल्या असतील तर जुनी यंत्रं खरंच बाहेर राहतात. पण विंडोज दहा होती, तिला नवी टीएलएस येते. म्हणजे तेही नाही.

मी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. तारीख होती १ जानेवारी २०१२.

“ही तारीख अशी का गं?”

“मॅडम, ती तर नेहमीच मागे जाते. लाइट गेली की जाते. मी घरी नीट करून घेते कधी कधी.”

तिच्या लेखी तो लॅपटॉपचा स्वभाव होता, वायफायशी त्याचा काय संबंध! आणि संबंध तर तिथेच होता. शाळेचं सर्टिफिकेट गेल्या जूनमध्ये तयार झालेलं. लॅपटॉप २०१२मध्ये उभा राहून विचारत होता, तू कोण, कधीपासून? सर्व्हर सांगत होता, मी गेल्या जूनपासून. लॅपटॉपच्या हिशेबाने तो जून यायला अजून कित्येक वर्षं होती. जन्माला न आलेल्याची सही त्याने मानली नाही. माझ्या मते तो पूर्ण बरोबर वागला. घड्याळ चुकलेलं असेल, पण प्रश्न विचारण्यात तो चुकला नव्हता.

लॅपटॉपला वाटलं म्हणून वेळ कळत नाही. बंद असताना त्याचं घड्याळ चालू ठेवायला आत एक नाण्याएवढा सेल असतो. तो संपला, मुख्य बॅटरीही मेलेली असली, की तार काढल्याक्षणी लॅपटॉप सगळं विसरतो आणि कारखान्यात शिकवलेल्या तारखेवर परत जातो. चालू असताना तो इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. डेव्हिड मिल्स यांनी १९८५च्या सुमारास बांधलेली एनटीपी नावाची पद्धत आहे, जगभरातली यंत्रं तिच्यावरूनच एकमेकांची घड्याळं जुळवतात. पण इथे पेच असा की वेळ विचारायला नेट हवं, आणि नेट मिळायला वेळ बरोबर हवी. घरी भावाच्या मोबाइलचं हॉटस्पॉट कुणाकडे सर्टिफिकेट मागत नाही, म्हणून तिथे हा पेच कधी पडलाच नाही. शाळेत मुलांना मोबाइल बंदी.

वेळेचा विषय निघाला की मला राहवत नाही. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताची. धुळे पावणेपंच्याहत्तर अंशांच्या आसपास. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे. मे महिन्यात अंगणात काठी रोवून सावली मोजायला लावते मी मुलांना. सगळ्यात आखूड सावली बाराला पडत नाही, साडेबाराच्या आसपास पडते, आणि दरवर्षी एक तरी मुलगा म्हणतो की काठी वाकडी आहे. लॅपटॉपने सूर्याचं ऐकलं असतं तरी चाललं असतं. सर्टिफिकेटला अर्धा तास इकडेतिकडे झाल्याने काही होत नाही. मागे गेलेलं तपच्या तप त्याला चालत नाही.

तारीख हाताने नीट केली. तरी इशारा आला, कारण शाळेचा जाणता यादीत नव्हता. ही अडचण मात्र रास्त होती. मी ऑफिसातून पेनड्राइव्हवर ती फाइल आणली. पेनड्राइव्हवरच का, नेटवरून का नाही, हे तिने विचारलं, आणि मला बरं वाटलं. ज्याची ओळख पटायची आहे त्याच्याच हातून ओळखपत्र घ्यायचं नसतं. फाइल खरी की खोटी ते पडताळायला तिचा एक ठसा असतो, चौसष्ट अंक-अक्षरांचा. मी तो सर्व्हरवरून कागदावर उतरवून घेतलेला होता. ती पडद्यावरून वाचत गेली, मी कागदावर बोट फिरवत गेले. सगळे चौसष्ट. सुरुवातीची आणि शेवटची आठ जुळली की लोक सोडून देतात, पण मुलीला मध्येच थांबायचं नव्हतं.

जोडलं गेलं.

“म्हणजे शाळेनं आधी सांगायचं का, ती कोण ते?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि मग आपण?”

“मग आपण.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “रेशनच्या मशीनचं उलटं असतं ना मग.”

तिच्या आईचा अंगठा कापूस वेचणीच्या दिवसांत मशीनवर उमटत नाही. बोंडाची टोकं बोटांची कातडी फाडतात, वर पाणी, माती, भांडी. रेषा बुजतात. मग दुकानात अंगठा धू, पूस, तेल लाव, दुसरं बोट लाव, नाहीच झालं तर मुलीला बोलाव. तीसुद्धा आईबरोबर जाऊन आलेली, शाळा बुडवून. मशीन आईला विचारतं, तू तीच का? आई रांगेत सगळ्यांसमोर सिद्ध करत बसते. मशीन कुणाचं, बरोबर आहे का, धान्य किती म्हणून नोंदवतंय, हे आईने विचारायची तिथे सोयच नाही.

आधारची सुरुवात आमच्याच भागातून झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला बारा आकडी क्रमांक एका गावकरी बाईच्या हाती दिला गेला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत. आधार नको असं मी म्हणणार नाही. मजुरीसाठी सुरत, नाशिक फिरणाऱ्या माणसाला कुठेही ओळख दाखवता येणं ही लहान गोष्ट नाही, आणि पूर्वी तलाठ्याच्या दारात त्याच ओळखीसाठी किती खेटे घालावे लागायचे ते मी बघितलेलं आहे. पण आमच्या भागातल्या माणसाला ओळख द्यायची सवय इतकी अंगवळणी पडलीय की ओळख मागावी हे सुचतच नाही. हातात वही आणि खिशाला पेन असलेला कुणीही अंगणात आला की त्याला खाट टाकली जाते, चहा ठेवला जातो, आणि तो सांगेल तिथे अंगठा. विमावाला, बचत गटवाला, बियाणं कंपनीवाला, सर्वेवाला. “तुमचं ओळखपत्र बघू” असं म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. फोनवर “बँकेतून बोलतोय” म्हणणाऱ्याला ओटीपी वाचून दाखवणारे काही अडाणी नसतात. आमच्या स्टाफरूममध्ये पदवीधरही आहेत त्यात. त्यांना एवढंच शिकवलेलं असतं की विचारलं की सांगायचं.

म्हणून मला त्या सूचनेचा राग होता. यंत्राला जे धाडस कुणीतरी विचार करून शिकवलं, ते आम्ही कागद चिकटवून मोडीत काढत होतो. तेही शाळेत.

मी नवी सूचना लिहिली आणि मुख्याध्यापक सरांकडे नेली. सरांनी चष्मा वर करून ती वाचली. “मॅडम, जुनी पाच ओळींची होती. ही दीड पान आहे.”

“सर, फाइल कशी बसवायची ते आहे त्यात. आणि ठसा.”

“पोरं वाचतील का? उद्या फॉर्मची शेवटची तारीख असेल, नेट लागणार नाही, पालक माझ्या टेबलाशी येतील. तेव्हा मी त्यांना ठसा वाचून दाखवू?”

सरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. फॉर्म चुकला तर वर्ष जातं. बसस्टँडवर पिशवी घेऊन बसलेला चोर अजून कुणी पाहिलेला नाही. मी त्यांना दुसरा मार्गही सांगितला: लॅपटॉपच्या यादीत आधीच असलेल्या एखाद्या जाणत्याची सही सर्व्हरसाठी विकत घ्यायची, मग फाइल बसवायची कटकट नाही. पण तिथे एक वेगळं भान ठेवावं लागतं. तसली सही कुणालाही स्वतःच्या नावाच्या साइटसाठी मिळते, चोरालाही. त्यामुळे सही आहे एवढं बघून भागत नाही, सर्टिफिकेटवर शाळेच्याच सर्व्हरचं नाव आहे का ते बघायला लॅपटॉपला सांगावं लागतं. शिवाय त्या सह्यांची मुदत आखडत चाललीय. आधी ३९८ दिवस होती, २०२९पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायचं ब्राउझर आणि सर्टिफिकेटवाल्यांच्या मंडळाने २०२५मध्ये ठरवलं. सेहेचाळिसाव्या दिवशी कुणाला आठवणार? सर म्हणाले, “राहू द्या, आपलाच जाणता बरा.”

तडजोड अशी झाली. दीड पानाची सूचना कुणी वाचणार नाही हे मान्य. त्याऐवजी लॅपटॉप ऑफिसात एकदा दाखवायचा, फाइल मी किंवा बारावीतली दोन मुलं बसवून देणार, आणि जुनी रंगीत सूचना उतरवायची. उतरवली. मुतारीच्या व्हरांड्यातली मात्र अजून आहे, तिच्यावर पाऊस पडून ठळक ओळ सोडून बाकी सगळं धुऊन गेलंय. आप्पांना दोनदा सांगितलं. खरवडतो म्हणतात.

लॅपटॉपच्या सेलचं काम गावातच झालं, थोडं लांबलं. घड्याळवाल्याकडे सीआर २०३२ ढिगाने पडलेले, वीस मिलिमीटर व्यास, तीन पूर्णांक दोन जाडी, तीन व्होल्ट, पण त्या लॅपटॉपला दोन तारा आणि छोटी खुंटी लावलेला सेल लागतो. घड्याळवाला म्हणाला, आणा, डाग देऊन तारा चिकटवतो. मी नको म्हटलं, लिथियमच्या सेलवर सोल्डरिंगचं तापलेलं टोक धरणं बरं नव्हे. मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने सुरतहून मागवून दिला, आठवडी बाजाराच्या दिवशी आला. तोवर ती मुलगी रोज सकाळी लॅबमध्ये येऊन आधी तारीख नीट करायची आणि मग चाचणी सुरू करायची. दोन-चार मैत्रिणीही तिच्याभोवती जमायला लागल्या, ठसा वाचायची मजा म्हणून असेल.

एक काम राहिलं होतं. आमच्या सर्टिफिकेटलाही मुदत आहे. एजन्सीने ती दोन वर्षांची टाकलेली. ज्या सकाळी ती संपेल त्या सकाळी प्रश्न विचारणारे सगळे लॅपटॉप एकदम बाहेर राहतील, आणि न विचारणारे गुमान आत शिरतील. म्हणजे मी ज्यांना शिकवलं त्यांनाच शिक्षा. ती तारीख कुठेतरी लिहून ठेवणं भाग होतं.

भाऊसाहेबांनी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं आणि पेन हवेत धरलं. “मॅडम, वस्तू दाखवा.”

“दिसत नाही ती.”

“दिसत नाही ती डेडस्टॉकला चढत नाही.”

सेवापुस्तकात बसेना, आवक-जावकमध्ये बसेना. शेवटी त्यांनी आग विझवायच्या नळकांड्यांच्या रिफिलच्या तारखा आणि पाण्याची टाकी धुतल्याच्या नोंदी असलेली वही काढली, आणि टाकीच्या खाली एक ओळ मोकळी सोडून लिहिलं: ‘वायफाय सर्टिफिकेट, मुदत संपते.’ पुढे तारीख. शेऱ्याच्या रकान्यात: ‘मॅडमना महिनाभर आधी आठवण करणे.’

मी वाचलं आणि त्यांना एक ओळ वाढवायला लावली. ‘मॅडमची बदली झाल्यास, किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांना.’